चर्चा: टेस्टचा कोड मशीनने लिहावा का? (कापसाच्या काट्याच्या सॉफ्टवेअरच्या निमित्ताने)

तिफन (धागा सुरू करणारा)

जिनिंगवर आणि खरेदी केंद्रावर काट्याची पावती बनवणारी छोटी सॉफ्टवेअरं यवतमाळ, वर्धा, अकोल्याकडच्या तालुक्यांत दोन-तीन पोरं मिळून सांभाळतात. कापूस यायला लागला की बदल आजच्या आज पाहिजे असतो, आणि टेस्ट, म्हणजे सॉफ्टवेअर बरोबर चालतं का ते तपासणारा छोटा कोड, मागे पडते. टेस्टची अक्कल नाही असं नाही, तयारीच लांबलचक आहे. शेतकरी तयार करा, सातबारा जोडा, गाडी नोंदवा, भरलेलं वजन, रिकामं वजन, आर्द्रता, ग्रेड, आणि मग शेवटी तपासणीची एक ओळ. चाळीस ओळींत कामाची ओळ एकच.

माझं म्हणणं असं: तयारीच्या एकोणचाळीस ओळी जनरेट करा, चाळिसावी हाताने लिहा.

डेटाबेसची स्कीमा (टेबलं आणि रकान्यांचा आराखडा) वाचून प्रत्येक टेबलसाठी एक बिल्डर, म्हणजे नमुन्याची नोंद तयार करणारं फंक्शन, बनवणारी स्क्रिप्ट शंभरेक ओळींत होते. मग टेस्टमध्ये फक्त «नवीपावती, आर्द्रता 9, वजन 6145 आणि 3800» एवढंच राहतं, बाकीच्या रकान्यांत चालण्याजोगी किंमत बिल्डर भरतो. स्कीमात नवीन सक्तीचा रकाना आला तर स्क्रिप्ट पुन्हा चालवायची. दोनशे टेस्ट उघडून बसायची गरज नाही.

अपेक्षित रक्कम मात्र कोडमधून काढायची नाही. ती ग्रेडर (कापसाची प्रत ठरवणारा) किंवा मुनीम कॅल्क्युलेटरवर काढून तक्त्यात लिहील, आणि तक्त्यावरून टेस्टची फाईल जनरेटर बनवेल.

धुरा

तिफनभाऊ, अर्धंच काम कशाला? आता एआयला फंक्शन दाखवलं की तीस टेस्ट एका दमात येतात. रिकामं वजन भरलेल्यापेक्षा जास्त, आर्द्रता शून्य, आर्द्रता 12.01, नाव रिकामं, हे सगळं तो स्वतः सुचवतो. माणूस कंटाळून पाच टेस्टवर थांबतो. ज्या कोडला आज एकही टेस्ट नाही, त्याला तीस मिळाल्या तर वाईट काय? चाळिसावी ओळ पण त्यालाच लिहू द्या, आपण वाचून घेऊ.

तिफन

वाचून घेऊ, इथेच तर घोळ आहे. आकडे मांडून दाखवतो.

2025-26 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8110 रुपये. तो 8 टक्के आर्द्रतेला. त्यापुढे दर एका टक्क्याला एक टक्का कपात, म्हणजे 9 ला 8028.90, 10 ला 7947.80, 11 ला 7866.70, 12 ला 7785.60. बाराच्या वर सीसीआय (भारतीय कापूस महामंडळ) घेत नाही.

आता ट्रॅक्टर-ट्रॉली भरलेली 6145 किलो, रिकामी 3800. निव्वळ 2345 किलो, म्हणजे 23.45 क्विंटल. आर्द्रता 9. गुणाकार बरोब्बर 188277.705 येतो, शेवटी अर्धा पैसा. पायथॉन भाषेतलं डेसिमल (दशांश हिशेबाचा प्रकार) दोन अंकांवर आणताना मुद्दाम काही सांगितलं नाही तर अर्धा आला की सम आकड्याकडे झुकतं आणि 188277.70 देतं. मुनीम वहीत 188277.71 लिहील, कारण पाच आले की वर चढवायचं हे तो शाळेपासून करतो.

एआयने हा कोड पाहून टेस्ट लिहिली, तर अपेक्षित रक्कम बहुतेक 188277.70 च येईल. टेस्ट हिरवी, म्हणजे पास. तुम्ही वाचाल, आकडा कोडशी जुळतो, पुढे जाल. चूक आता टेस्टच्या पहाऱ्यात सुरक्षित झाली, आणि उद्या कोणी ती दुरुस्त केली तर टेस्टच लाल होऊन त्याला अडवेल.

धुरा

पैशाचं पटलं. पण उत्तर फंक्शनमधून घेऊ नका, नियमातून घ्या ना. एआयला कोड न दाखवता फक्त हे पाच भाव आणि कपातीचा नियम द्यायचा, आणि म्हणायचं की यावरून टेस्ट लिही. मग त्याचं उत्तर कोडपेक्षा वेगळं निघालं तर तिथे खरंच पाहण्यासारखं काही असतं. आणि टेस्ट कामाच्या आहेत का हे तपासायला म्युटेशन टेस्टिंग आहे: पायथॉनला म्यूटमट, जावाला पिट, जावास्क्रिप्टला स्ट्रायकर. ते कोडमध्ये मुद्दाम «12 किंवा कमी» चं «12 पेक्षा कमी» करतं आणि बघतं की एखादी तरी टेस्ट पडते का. नाही पडली, तर कव्हरेज (टेस्टमध्ये चालून गेलेल्या ओळींचं प्रमाण) नव्वद टक्के असो, त्या सीमेवर राखण कोणाचीच नाही.

सरकी

दोघांनाही विरोध. जनरेट केलेला कोड हा पण कोडच असतो. वाचावा लागतो, सांभाळावा लागतो, आणि लिहिणारा पुण्याला गेला की मागे राहिलेल्या पोराला टेम्पलेटही समजावं लागतं आणि त्यातून निघालेलं पीकही.

तिफनभाऊ, तुमच्या तक्त्यासाठी जनरेटर काहून पाहिजे? पायथॉनच्या पायटेस्टमध्ये पॅरामेट्राइज (एकच टेस्ट तक्त्याच्या प्रत्येक ओळीवर चालवणं) आहे, जावाच्या जेयुनिट 5 मध्ये सीएसव्ही (साध्या मजकुरातल्या तक्त्याच्या) फाईलवरून चालणारी टेस्ट आहे. फंक्शन एक, ओळी पन्नास, टेस्ट पन्नास. प्रत्येकीला आयडी दिली की कुठली ओळ पडली ते नावानिशी दिसतं. मधे फाईल बनवायची भानगडच नाही.

तक्ता मुनीमकडून येणार असेल तर फाईलकडे डोळे उघडे ठेवून बघा. एक्सेलमध्ये सीएसव्ही उघडून जतन केली की «8-12» ही आर्द्रतेची मर्यादा तारीख (भारतीय सेटिंगला 8 डिसेंबर) होऊन बसते. खाते क्रमांकाचं पुढचं शून्य उडतं, आणि पंधरा आकड्यांपुढचं सगळं शून्य होतं. मर्यादा दोन वेगळ्या रकान्यांत ठेवा, आणि खाते क्रमांकाचा रकाना उघडतानाच मजकूर म्हणून घ्या.

दुसरं, देवनागरी आकडे. मोबाईलवर मराठी कीबोर्ड असला की आर्द्रता «९» अशी येते. पायथॉनचं इंट आणि डेसिमल ती मुकाट्याने नऊ समजतात. जावाचं पार्सइंट समजतं, पण पार्सडबल एरर फेकतं. जावास्क्रिप्टचं नंबर «एनएएन», म्हणजे हा आकडाच नाही, असं देतं. सर्व्हर पायथॉनमध्ये आणि स्क्रीन जावास्क्रिप्टमध्ये असेल तर सर्व्हरच्या टेस्ट सगळ्या हिरव्या आणि काट्यावर पावती अडलेली. कुठलाही जनरेटर ही ओळ आपणहून टाकेल या भरवशावर राहू नका.

तिफन

सरकीताई, तक्त्यापुरतं मान्य. तिथे पॅरामेट्राइजच बरं, माझा जनरेटर काढून टाकतो. बिल्डरचं मात्र सोडणार नाही. रकान्याचं नाव बदललं की बिल्डर पुन्हा बनतो, आणि जुनं नाव वापरणारी टेस्ट टाइप तपासतानाच पडते, काट्यावर नाही.

पऱ्हाटी

सगळे हिशेबावर बोलताय, पण काट्याच्या सॉफ्टवेअरची नड स्क्रीनवर आणि वायरमध्ये जास्त असते.

स्क्रीनचं: प्लेराइट (ब्राउझर आपोआप चालवून तपासणारं साधन) घ्यायचं, त्याचं कोडजेन चालू करायचं, ब्राउझरमध्ये एक पावती करून दाखवायची, टेस्टचा कोड आपोआप लिहिला जातो. सुरुवातीला झकास. पण ते बटणं दिसणाऱ्या नावाने शोधतं. «जतन करा» चं «नोंद करा» केलं की त्या बटणाला हात लावणारी प्रत्येक रेकॉर्ड केलेली टेस्ट लाल. म्हणून आधी महत्त्वाच्या बटणांना टेस्ट-आयडी (स्क्रीनवर न दिसणारं ठरलेलं नाव) द्या, मग रेकॉर्ड करा. आणि रेकॉर्डिंग जसंच्या तसं ठेवू नका, «नवी पावती» आणि «दुसरं वजन» या दोन पायऱ्या काढून वेगळ्या फंक्शनमध्ये टाका.

मराठी नावांचं तर फारच जपावं लागतं. «वऱ्हाडे» मधला ऱ्हा तीन प्रकारे साठवला जातो: अख्खा ऱ, र आणि खाली नुक्ता (टिंब), किंवा र, हलंत आणि झीरो विड्थ जॉइनर (न दिसणारं जोडचिन्ह). डोळ्याला तिन्ही सारखे, तुलना केली की वेगळे. एनएफसी नॉर्मलायझेशनने, म्हणजे युनिकोडच्या एकरूप करायच्या पद्धतीने, पहिले दोन एक होतात, तिसरा होत नाही, तो स्वतः बदलून घ्यावा लागतो. रेकॉर्डरने एक रूप पकडलं आणि डेटाबेसमध्ये दुसरं असलं की टेस्ट पडते, आणि माणूस दिवसभर शोधत बसतो की दोन सारख्या शब्दांत फरक काय.

वायरचं: काट्याचा इंडिकेटर (वजन दाखवणारं यंत्र) संगणकाच्या सिरीयल पोर्टवर सतत आकडे फेकत असतो. गाडी हलत असताना वजन वरखाली होतं, कधी आकडा अर्धाच येतो, पहिलं वजन झाल्यावर लाइन जाते आणि संगणक पुन्हा सुरू होतो. फंक्शन वाचून लिहिलेल्या टेस्टमध्ये यातलं काहीच येणार नाही, कारण ते फंक्शनमध्ये नाहीच. खऱ्या काट्यावरचे पाच मिनिटांचे बाइट (वायरवरून येणारा कच्चा डेटा) फाईलमध्ये उतरवून घ्या आणि टेस्टमध्ये तेच पुन्हा वाजवा. मधेच तोडूनही वाजवा.

सरकी

पऱ्हाटीभाऊ, हे फार मोलाचं. यात एक भर: इथे प्रॉपर्टी टेस्ट बसते. पायथॉनचं हायपोथेसिस हे साधन डीफॉल्टने शंभर नमुने स्वतः बनवतं, पण टेस्टची फाईल नाही बनवत. आपण फक्त नियम लिहायचा: आर्द्रता वाढली तर भाव कधी वाढू नये, निव्वळ वजन उणे येऊ नये, बाइट कुठेही तोडले तरी अर्ध्या आकड्याची पावती निघू नये. मोडणारा नमुना सापडला की तो त्याला लहानात लहान करून दाखवतं. जनरेट करायचंच असेल तर डेटा करा, कोड नको.

धुरा

डेटावरून एक: खऱ्या शेतकऱ्यांची यादी एआयला चिकटवू नका. नाव, आधार, बँक खातं, सगळं त्यात असतं, आणि 2023 चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. खोटा आधार क्रमांक बनवताना नुसते बारा आकडे चालत नाहीत. शेवटचा आकडा व्हेरहॉफ पद्धतीचा तपासणी अंक असतो, आणि पहिला 0 किंवा 1 नसतो. आंधळेपणाने बनवले तर दहातले नऊ त्या तपासणीतच पडतील आणि वाटेल की फॉर्म बिघडला.

तिफनभाऊ, बिल्डरच्या फाईली गिटमध्ये (कोडचे बदल जपणाऱ्या साधनात) ठेवता का?

तिफन

ठेवतो. वर एक ओळ असते: ही फाईल हाताने बदलू नका. सीआयमध्ये (प्रत्येक बदलावर आपोआप होणाऱ्या तपासणीत) स्क्रिप्ट पुन्हा चालते आणि गिट डिफमध्ये फरक दिसला तर बिल्ड पडतं, म्हणजे कोणी हाताने छेडलं की लगेच कळतं. त्यासाठी स्क्रिप्टने दर वेळी तंतोतंत तेच लिहिलं पाहिजे. फाईलच्या माथ्यावर तारीख-वेळ टाकू नका आणि टेबलं नावाने क्रम लावून घ्या, नाहीतर रोज खोटा फरक दिसेल.

सरकी

आणि 8.4 आर्द्रतेचं काय? कपात 0.4 टक्के की पुढच्या पूर्ण टक्क्याची? कोड काहीतरी करतोच आहे.

तिफन

तुम्ही ज्या केंद्रासाठी लिहिताय, तिथल्या ग्रेडरकडून लेखी घ्या. तोवर ती ओळ तक्त्यात ठेवा, पण एक्सफेल (ही टेस्ट पडणारच अशी खूण) लावून आणि स्ट्रिक्ट (पास झाली तर चूक समजा) चालू करून. कोणी गुपचूप कोड बदलून ती ओळ पास केली तर बिल्ड तिथेच थांबेल, आणि मग विचारावंच लागेल की हा नियम तुला कोणी सांगितला.