मदत हवी आहे: पाच लाखांत न बसणारं काम महापालिकेच्या अंदाजपत्रकात कसं घालायचं? (पुणे)

नमस्कार मंडळी,

आम्ही नऱ्ह्याचे. जून २०२१ मध्ये जी २३ गावं पुणे महापालिकेत आली, त्यातलं आमचं एक. ग्रामपंचायत होती तेव्हा काम होवो न होवो, ग्रामसभेत उठून सरपंचांना तोंडावर विचारता यायचं. आता सोसायटीने 'तुझं मराठी बरं आहे, तूच बघ' म्हणून महापालिकेचं सगळं माझ्या गळ्यात घातलंय.

आमच्या गल्लीला पावसाळी गटार नाही. जोराची सर आली की चढावरचं पाणी थेट पार्किंगमध्ये. गेल्या वर्षी नागरिकांच्या सहभागाच्या अंदाजपत्रकाचा (म्हणजे आपल्या भागातली कामं महापालिकेला सुचवायचा) अर्ज भरला आणि उत्साहाच्या भरात 'मुख्य रस्त्यापर्यंत पावसाळी वाहिनी' असं लिहून मोकळा झालो. एका कामाला पाच लाखांची मर्यादा आहे हे नंतर कळलं. चूक माझीच, नियम वाचलेच नव्हते.

आता काहीजण म्हणतात, तुकडे करून दरवर्षी एक अर्ज टाक. पण अर्धं गटार बांधून पाणी कुणाच्या दारात सोडायचं? २०२५-२६ चं अंदाजपत्रक १२,६१८ कोटींचं होतं. त्यात अशा गटाराची ओळ कोण लिहितं आणि कधी? मार्चमध्ये पेपरात आकडे येतात तेव्हा सगळं ठरलेलंच असतं.

---

पेठेतला_जुना: तुकडे अजिबात करू नका. पुण्यात नागरिकांनी कामं सुचवायची ही पद्धत २००६-०७ पासून आहे. बाकं, दिवे, पदपथाची डागडुजी असल्या कामांना ठीक. गटार खात्याच्याच बजेटमधून व्हायला हवं, आणि खात्यांच्या मागण्या आयुक्त अंदाजपत्रक मांडतात त्याच्या बऱ्याच आधी तयार होतात. त्यामुळे पावसाळा संपायच्या आत मागे लागा. नुसता अर्ज फायलीत पडून राहतो. पूर्वगणनपत्रक, म्हणजे खर्चाचा तपशीलवार अंदाज, तयार असलेलं काम पुढे सरकतं. कनिष्ठ अभियंत्यांना जागेवर आणा, तेही भर पावसात. नगरसेवकांची 'स' यादी (त्यांनी सुचवलेल्या कामांची) हा दुसरा रस्ता, पण तिथे गर्दी फार.

आणि तरतूद पडली म्हणून लगेच पेढे वाटू नका. वर्षाच्या मध्यात वर्गीकरण होतं, म्हणजे एका कामाची तरतूद दुसरीकडे वळवली जाते, आणि तुमच्या गटाराचे पैसे भलत्याच कामाला जातात. तसे प्रस्ताव स्थायी समिती आणि मुख्य सभेपुढे येतात, तेव्हा विषयपत्रिका चाळत राहा. कंटाळवाणं आहे, पण पैसे पळायची चोरवाट तीच आहे.

---

धागाकर्ता: भर पावसात बोलवायचं, हे डोक्यातच आलं नव्हतं! धन्यवाद. एकच शंका: पूर्वगणनपत्रकासाठीचा अर्ज कनिष्ठ अभियंत्यांच्या नावे द्यायचा की उपअभियंत्यांच्या? आणि एकाच सोसायटीच्या लेटरहेडवर चालेल का? शेजारचे सही द्यायला तयार नाहीत. त्यांचं पार्किंग उंचावर आहे.