रि: रि: रि: नाटकाची मंडळी – गुरुवार पिकअप आणि शुक्रवारचं फिरणं/खाणं (प्लीज वाचा)

अनघा, सोमवार रात्री 10:52

मंडळी,
नाटकवाले गुरुवारी रात्री साडेआठला लँड होतायत. अकरा जण, सामान नेहमीसारखंच. हॉटेल डनवुडी स्टेशनसमोरचं, मागच्या वेळचंच. शनिवारच्या प्रयोगाच्या गाड्या मिलिंदने लावल्यात, त्याची काळजी नाही. प्रश्न आहे गुरुवार रात्र आणि शुक्रवारचा. शुक्रवारी सगळ्यांना ऑफिस आहे आणि त्यांना अटलांटा बघायचंय, आमचं आम्ही फिरू म्हणतायत. तर एक पान लिहून हॉटेलवर ठेवायचंय, कुठून कुठली ट्रेन, काय बघायचं, कुठे खायचं. चौघं शाकाहारी आहेत, त्यातल्या एकांना कांदा-लसूणही चालत नाही. मी ड्राफ्ट करते पण जरा इनपुट द्या. आणि एअरपोर्टला कोण जातंय ते आत्ताच ठरवा, मागच्या वेळसारखी तिथे उभं राहून फोनाफोनी नको.

शिरीषकाका, सोमवार रात्री 11:20

अनघा, गाड्यांची गरज नाही हे मी दर वर्षी सांगतो आणि दर वर्षी चार व्हॅन जातात. मार्टाचं, म्हणजे आपल्या मेट्रोचं, स्टेशन एअरपोर्टच्या आत आहे, 1988 पासून आहे. डनवुडी स्टेशन ऑलिम्पिकच्या वर्षी, 1996 ला सुरू झालं. रेड लाईन सरळ एअरपोर्ट ते डनवुडी, मध्ये बदलायचं काही नाही, पाऊणएक तासात हॉटेलच्या दारात. माणशी अडीच डॉलर. 75/85 हायवेच्या कनेक्टरवर अडकण्यापेक्षा कितीतरी बरं.

प्रसाद, मंगळवार सकाळी 7:05

काका, सॉरी पण इंटरनॅशनल टर्मिनलला मार्टा नाहीये. ते टर्मिनल 2012 ला पूर्वेच्या बाजूला झालं आणि मार्टा पश्चिमेच्या टोकाला, डोमेस्टिकला. म्हणजे इमिग्रेशन, मग बॅगा, मग बाहेर येऊन शटल, मग पंधराएक मिनिटं एअरपोर्टला वळसा, मग परत सगळं उतरवून ट्रेन. पेटी, तबला, कपडेपटाची ट्रंक घेऊन? आणि यजमान डोमेस्टिकला आणि पाहुणे इंटरनॅशनलला उभे हा प्रकार दर उन्हाळ्यात कुणाच्या तरी आई-वडिलांच्या बाबतीत होतोच, भारतातला फोन चालत नाही, वायफाय मिळत नाही, मग शोधा. गाड्याच न्या.

नितीन, मंगळवार सकाळी 7:31

ते कुठून येतायत पण?

वैशाली, मंगळवार सकाळी 8:48

प्रसाद, शटल फुकट आहे आणि सारखी असते, त्याचा एवढा बाऊ नको. खरा लोचा दुसराच आहे आणि तो कुणी बोलत नाहीये. रेड लाईन रात्री नऊच्या सुमारास एअरपोर्टला यायची बंद होते, नंतर ती फक्त नॉर्थ स्प्रिंग्ज ते लिंडबर्ग अशी चालते. साडेआठचं विमान म्हणजे बॅगा हातात येईपर्यंत नऊ वाजून गेलेच. मग गोल्ड लाईन घ्यायची, लिंडबर्गला उतरायचं, तिथे रेडची वाट बघायची, आणि रात्री ट्रेन लांब लांब अंतराने असतात. लिंडबर्गला उतरायचं विसरले तर गोल्ड त्यांना डोराव्हिलला घेऊन जाईल. तिथे कोरियन जेवण चांगलं मिळतं म्हणा.

आणि तिकिटाचं ब्रीझ कार्ड प्रत्येकाला वेगळं लागतं, एकाच कार्डावर मागून सगळे शिरले असं होत नाही. अकरा माणसं मशीनसमोर, मागे रांग. डोळ्यासमोर आणा.

शिरीषकाका, मंगळवार सकाळी 9:15

लिंडबर्गला उतरून दुसरी गाडी पकडायची यात अवघड काय आहे? ही मंडळी दादरला रोज पुलावरून पळत लाईन बदलतात. 2017 च्या मार्चमध्ये 85 हायवेचा पूल आगीत कोसळला तेव्हा आपले हेच अल्फारेटावाले नॉर्थ स्प्रिंग्जला गाडी लावून महिनाभर मुकाट्याने ट्रेनने जात होते. तेव्हा कुणाला कार्डाची अडचण नाही आली. आणि 2014 च्या जानेवारीत दोन इंच बर्फ पडला तेव्हा गाडीवाल्यांचं काय झालं ते आठवा, माणसं रात्रभर हायवेवर होती, मी संध्याकाळी ट्रेनने घरी येऊन पिठलं-भात खाल्ला.

सुहास (मॅरिएटा), मंगळवार सकाळी 9:40

काका, ज्यांच्याकडे ट्रेन आहे त्यांनी बोलावं हो. आम्ही कॉब काउंटीवाले त्या दिवशी 75 हायवेवर होतो. कॉबला मार्टा नाही, ग्विनेट काउंटीने तर 1971 पासून दर मतदानात नाहीच म्हटलंय, 2019 ला पण. मंडळाचा एकही कार्यक्रम स्टेशनजवळ नसतो, सगळं 400 हायवेने वर उत्तरेला, आणि पाहुण्यांना मात्र ट्रेनचं कौतुक सांगायचं. एक कार्यक्रम मॅरिएटाला ठेवून बघा. पत्ता सोपा आहे, बिग चिकनपासून (ती कोंबडीच्या आकाराची मोठी इमारत) उजवीकडे.

मेधाताई, मंगळवार दुपारी 12:10

एअरपोर्टचं काय ते तुम्ही ठरवा. मी खाण्यापुरतं बोलते. गुरुवारी रात्रीचे डबे खाद्यसमिती हॉटेलवर पोचवणार आहे, पोळी, फ्लॉवर-बटाटा, वरण-भात, दही, हे आधीच ठरलंय. ज्यांना लसूण चालत नाही त्यांचा डबा वेगळा, वर नाव घालून. रात्री अकराला पोचून वॉफल हाऊसमध्ये नेण्याचा प्रकार यावेळी करू नये. शाकाहारी माणसाने तिथे खायचं काय? एकाच तव्यावर बेकन आणि त्याच्याच शेजारी बटाटा. शुक्रवारीही दुपारचं आम्ही करू शकतो, बाहेरच्या यादीची गरज काय आहे मला कळलं नाही.

केतकी, मंगळवार दुपारी 1:02

मेधाताई, डबे मस्तच असतात, पण या लोकांना गेला महिनाभर प्रत्येक गावात पोळी-भाजी आणि श्रीखंड मिळतंय. त्यांच्यातली एक माझ्या बहिणीची मैत्रीण आहे, ती म्हणाली तिथलं काहीतरी खाऊ घाला. म्हणून लिहिते. अनघा, यातलं हवं ते उचल.

सकाळी डनवुडीहून रेड लाईनने दक्षिणेला, उतरायचं पीचट्री सेंटरला. स्टेशन खडक फोडून केलंय, भिंती तशाच ठेवल्यात, आणि सरकता जिना एवढा लांब की ज्यांना उंचीची भीती आहे त्यांनी लिफ्ट घ्यावी. तिथून ॲक्वेरियम, कोका-कोलाचं म्युझियम आणि ऑलिम्पिक पार्क चालत. ॲक्वेरियमची तिकिटं आधी ऑनलाइन काढा, महाग आहेत, पण व्हेल शार्क दुसरीकडे कुठे बघणार. कोका-कोलाचं मी सोडून देईन, पैसे देऊन जाहिरात बघायची ती.

मग स्ट्रीटकार, एक डॉलर, पीचट्री सेंटरजवळच थांबते. किंग हिस्टॉरिक डिस्ट्रिक्टला उतरायचं. मार्टिन ल्युथर किंग जन्मले तो रस्ता, एबेनेझर चर्च, पलीकडे त्यांची आणि पत्नी कोरेटा यांची समाधी. सगळं फुकट, बराचसा भाग नॅशनल पार्क सर्व्हिस चालवते. व्हिजिटर सेंटरच्या बाहेर गांधींचा पुतळा आहे. किंग 1959 ला भारतात येऊन गेले होते ते पानावर एका ओळीत लिही, नाटकवाल्यांना आवडेल. मला विचाराल तर दिवसभरात एकच ठिकाण बघायचं असेल तर हेच.

तिथून किंग मेमोरियल स्टेशन गाठून ब्लू लाईनने पूर्वेला डिकेटर. ब्लूच, ग्रीन घेतली तर ती एजवूडलाच संपते. डिकेटरला स्टेशनमधून वर आलं की गावाचा चौक, झाडं, बाक, पुस्तकांची दुकानं, चालत फिरता येईल असं. जेवायला चायपाणी नावाचं रेस्टॉरंट, चालत पाच-सात मिनिटं. भेळ, वडापाव, भेंडीच्या कुरकुरीत काड्या. त्याच लोकांच्या ॲशव्हिलच्या चायपाणीला 2022 ला जेम्स बियर्डचं आउटस्टँडिंग रेस्टॉरंटचं बक्षीस मिळालं, म्हणजे अख्ख्या अमेरिकेत पहिलं.

येताना ब्लूने फाइव्ह पॉइंट्स आणि तिथून रेड. समोर गोल्ड आली तर लिंडबर्गपर्यंत चालेल, पुढे नाही. हे ठळक अक्षरात लिही.

आता सदर्न खाणं. मेरी मॅक्स टी रूम, पॉन्स डी लिऑनवर, 1945 पासूनचं, नॉर्थ अव्हेन्यू स्टेशनवरून चालत जाता येतं. मांसाहारी सात जणांनी संध्याकाळी तिथे जावं, फ्राइड चिकन, कॉर्नब्रेड, पीच कॉबलर. पण शाकाहाऱ्यांनी जपून. मेनूवर व्हेजिटेबल प्लेट लिहिलेली असते म्हणून निर्धास्त राहू नका. दक्षिणेत कोलार्डची पालेभाजी, फरसबी, चवळी हे सगळं डुकराच्या हाडावर नाहीतर बेकन घालून शिजवायची पद्धत आहे. पहिल्यांदा आलात म्हटलं की तिथे कौतुकाने एक वाटी पॉट लिकर देतात, ते त्या पालेभाजीचं पाणी, आणि बरोबरच्या क्रॅकलिन कॉर्नब्रेडमध्ये डुकराची कुरकुरीत चरबी. ‘मीट आहे का’ असं विचारलं तर कधीकधी नाही म्हणतात कारण त्यांच्या लेखी चवीपुरतं पोर्क म्हणजे मीट नव्हे. ‘पोर्क, हॅम, बेकन, चिकन ब्रॉथ, लार्ड यातलं काही आहे का’ असं एकेक नाव घेऊन विचारायचं. मॅक अँड चीज, तळलेली हिरव्या टोमॅटोची कापं, रताळ्याचं सूफ्ले, बिस्किटं यावर पोट भरतं, पण तळणीचं तेल कुठलं तेही विचारा.

आणि कुणी शनिवारी जाता-येता उकडलेल्या शेंगा घ्या. गॅस स्टेशनवर मोठ्या भांड्यात मिठाच्या पाण्यात तासन् तास असतात, केजन तिखट पण मिळतात. भुईमुगात जॉर्जिया अमेरिकेत एक नंबर आहे. टरफल बोटाने दाबलं की खारं पाणी मनगटापर्यंत येतं, पांढरे कपडे घालून खाऊ नका.

राहुल, मंगळवार दुपारी 1:20

चायपाणीचे मेहेरवान इराणी आपल्या नगरचे आहेत हे लिहायला विसरू नका!! नगरचं नाव कुणी घेत नाही.

मेधाताई, मंगळवार दुपारी 2:44

नगरचे असोत की नाशिकचे, मुंबई-पुण्याहून आलेल्या माणसाला अटलांटात वडापाव खायला पाठवायचं हे मला पटत नाही. आणि तिथल्या चटण्यांत लसूण असणार, त्याचं काय? मी कांदा-लसणाशिवायचा एक डबा शुक्रवारी सकाळी हॉटेलवर ठेवते, बाकीचे कुठेही जेवू देत.

वैशाली, मंगळवार दुपारी 3:05

वडापाव आपल्यासारखा नाही पण चांगला आहे मेधाताई, एकदा खाऊन बघा. गणपतीत तुमचाही खाल्लाय म्हणून म्हणते.

मेधाताई, मंगळवार दुपारी 3:09

म्हणजे काय?

सुहास (मॅरिएटा), मंगळवार दुपारी 3:30

विषय वाढायच्या आत एक. पत्ते लिहिताना नुसतं पीचट्री लिहू नका. पीचट्री स्ट्रीट, वेस्ट पीचट्री, पीचट्री रोड, पीचट्री इंडस्ट्रियल, सत्तरएक रस्ते आहेत त्या नावाचे. उबरवाल्याला अर्धवट सांगितलं तर माणूस भलत्याच काउंटीत. आणि ब्युफर्ड हायवेवर त्यांना पायी सोडू नका, खायला व्हिएतनामी, मेक्सिकन उत्तम, पण सात लेनचा रस्ता आहे आणि झेब्रा क्रॉसिंग कुठेतरी लांब. तिथे गाडीनेच.

अनघा, मंगळवार रात्री 9:30

आत्ता वाचलं सगळं. अहो ते शिकागोहून येतायत, रविवारी तिथला प्रयोग झाला, गावांची यादी गेल्या महिन्यात पाठवली होती. डोमेस्टिक आहे. इमिग्रेशन नाही, शटल नाही.

केतकी, तुझं जवळजवळ जसंच्या तसं घेते. मेधाताई, लसणाशिवायचा डबा नक्की ठेवा, थँक्यू. वडापाववर पुढची चर्चा वैयक्तिक मेलवर.

आता गाड्या. मिलिंद, प्रसाद, किती सीट्स?

प्रसाद, मंगळवार रात्री 9:41

पानावर इंटरनॅशनल टर्मिनलचं पण लिहून ठेव, पुढच्या वर्षी लागेल. माझ्या गाडीत सहा, पण मग मागे एक बॅगही मावणार नाही.

मिलिंद, मंगळवार रात्री 9:58

मागची सीट दुमडली तर पेटी, ट्रंक आणि सगळ्या बॅगा माझ्याकडे. मग माणसं चार. सेल फोन लॉटमध्ये थांबतो, बॅगा आल्या की फोन करायला सांगा.

वैशाली, मंगळवार रात्री 10:02

सहा आणि चार दहा झाले.

शिरीषकाका, मंगळवार रात्री 10:04

अकराव्याला मी ट्रेनने आणतो.

अनघा, मंगळवार रात्री 10:06

काका, नको. मी येते माझी गाडी घेऊन.

नितीन, मंगळवार रात्री 10:15

डेल्टा असेल तर बॅगा साऊथ टर्मिनलला येतात, बाकी बहुतेक नॉर्थला. तीन गाड्या दोन बाजूंना नकोत. फ्लाइट कुठली?

अनघा, मंगळवार रात्री 10:17

डेल्टा. सगळ्यांनी साऊथ. दार नंबर गुरुवारी कळवते.