मदत हवी आहे : कडाक्याच्या थंडीत ड्रोन उडवण्याबद्दल

नमस्कार मंडळी,

फेब्रुवारीत उत्तर नॉर्वेला जातोय. ट्रॉम्सो, सेन्या आणि लिंगेनचे डोंगर. ट्रॉम्सो जवळजवळ ७० अंश उत्तरेला आहे. तिथे नोव्हेंबर अखेरपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवतच नाही, फेब्रुवारीत तो क्षितिजाला चिकटून फिरतो. फ्योर्डवर (डोंगरांमध्ये शिरलेल्या समुद्राच्या खाडीवर) पडणारा तो तिरपा उजेड वरून टिपायचा, हे बऱ्याच वर्षांचं स्वप्न आहे.

काळजी बॅटरीची वाटते. गेल्या जानेवारीत निफाडला मामांच्या द्राक्षबागेत पहाटे ड्रोन उडवला. बागेत शेकोट्या पेटल्या होत्या, पारा ६ अंशांवर. ६० टक्के दाखवणारी बॅटरी बघता बघता २८ वर आली आणि घाईघाईने उतरवावा लागला. खाली मऊ माती होती म्हणून निभावलं, तिथे खाली समुद्र असेल! लिथियम बॅटरी थंडीत विद्युतदाब (व्होल्टेज) टिकवत नाही, हे कळतं. पण उणे १० ला नेमकं काय करता? जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवून पुरतं, की हीटर लागतोच? किती टक्क्यांवर परत बोलावता?

नियम वाचलेत: नोंदणी, १२० मीटरची मर्यादा, विमानतळापासून ५ किलोमीटर लांब.

आणखी एक. बाहेरून उबदार खोलीत आल्यावर लेन्सवर दव धरतं, त्यासाठी कॅमेरा बाहेरच पिशवीत बंद करायचा म्हणतात. आत आणल्यावर किती वेळाने उघडता?

नाशिकमधलं कुणी जाऊन आलं असेल तर गंगापूर रोडला चहाला भेटू, सगळं सामान घेऊन येतो.