घटसर्प: बूस्टर आधी शाळकरी मुलांना की मोठ्या माणसांना?

धागाकर्ता, लातूर:
घटसर्प म्हटले की तान्ही मुले डोळ्यांपुढे येतात. भारतात मात्र आता बरेचसे रुग्ण पाच वर्षांवरील असतात. रक्तातील प्रतिपिंडे (अँटीबॉडी) मिलिलिटरमागे ०.०१ आंतरराष्ट्रीय एककाखाली गेली की संरक्षण संपले आणि ०.१ च्या वर असली की ते पुरेसे, असे मानतात. ही पातळी वयाबरोबर उतरते. पूर्वी जंतू गावात फिरत असल्यामुळे नकळत होणाऱ्या संसर्गाने ती पुन्हा चढत असे. लसीकरणामुळे जंतूचा वावर घटला आणि प्रौढांचा तो आयता बूस्टरही गेला. सोव्हिएत संघ फुटला त्या काळात, १९९० च्या दशकात, तेथे दीड लाखाच्या वर रुग्ण आणि सुमारे पाच हजार मृत्यू झाले, आणि रुग्णांत प्रौढांचे प्रमाण मोठे होते. म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रात मोठ्यांनाही दर दहा वर्षांनी टीडी (धनुर्वात आणि घटसर्प यांची एकत्रित लस) मोफत द्यावी, असे माझे मत आहे.

प्रतिसाद १, बीड:
असहमत. सोव्हिएत उदाहरण आपण अर्धेच सांगितले. तेथे आधी मुलांचे लसीकरण ढिले पडले होते, किरकोळ कारणांवरून डोस टाळले जात होते. मोठ्यांची ओसरलेली प्रतिकारशक्ती त्यानंतर उघडी पडली. आपल्याकडची गळती कुठे आहे ते पाहा. चौदा आठवड्यांपर्यंतचे तीन डोस बहुतेक घरांत होतात, दीड वर्षाचाही बऱ्यापैकी होतो. पाचव्या वर्षीचा त्रिगुणी लसीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टर आणि दहाव्या व सोळाव्या वर्षीची टीडी मात्र राहून जाते. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाचे कार्ड गावाकडच्या पेटीत आणि मूल फडावर असते. जागतिक आरोग्य संघटनेने किशोरवयापर्यंत एकूण सहा डोस सुचवले आहेत, त्यानंतर दर दहा वर्षांनी सरसकट नव्हे. आधी हे सहा तरी पुरे करा.

प्रतिसाद २, नांदेड (आरोग्यसेविका):
मोठ्यांना टीडी अजिबात मिळत नाही, असे नाही. कोयत्याने बोट कापले की माणूस ‘धनुर्वाताचे इंजेक्शन द्या’ म्हणत येतो, आणि सरकारी दवाखान्यात आता नुसत्या टीटीऐवजी (फक्त धनुर्वाताची लस) टीडी देतात, म्हणजे घटसर्पाचा अंशही त्यात येतो. गरोदरपणातही तीच. खासगीत अजून बरेचदा टीटीच टोचतात. त्यामुळे ज्याला कधी जखम झाली नाही, असा चाळिशीचा पुरुष सर्वांत कोरडा राहतो. त्याच्यासाठी वेगळी मोहीम कशाला? खासगी डॉक्टरांनी टीडी ठेवली तरी बरेच काम होईल.

धागाकर्ता:
बीडकरांचा सहा डोसांचा मुद्दा मान्य. पण ज्यांचे बालपण १९७८ च्या आधी, राष्ट्रीय लसीकरण सुरू होण्यापूर्वीच सरले, त्यांना हे सहा डोस कोणी दिले? ते तर आज साठीकडे आलेत.

प्रतिसाद १, बीड:
अशा माणसाला एका टीडीने काय होणार? पूर्वी काहीच घेतले नसेल तर चार आठवड्यांच्या अंतराने दोन आणि सहा महिन्यांनी तिसरा डोस लागतो. शिवाय ही लस जंतूला नव्हे, त्याच्या विषाला अडवते; टोचलेल्याच्या घशातही जंतू राहू शकतो, म्हणून साठीच्या माणसाला टोचून त्याचा नातू सुरक्षित झाला असे धरता येत नाही. तीनदा दवाखान्यात आणण्याएवढे बळ असेल, तर ते साखर कारखान्यांच्या तळावर खर्च करा. तेथील दहा वर्षांच्या मुलीची टीडी कोणाच्या यादीत येते, गावच्या उपकेंद्राच्या की कारखान्याजवळच्या, हे आधी लेखी ठरवून घ्या.