कुकरला नळी लावली म्हणजे छंद होत नाही

तांब्याची_कळशी :
काल इथे 'रविवारची भट्टी' नावाचा लेख आला. म्हणणं थोडक्यात असं, की गुळाचं पाणी आंबवा, कुकरच्या शिट्टीच्या जागी नळी बसवा, सुरुवातीचा कपभर ओतून द्या म्हणजे मिथेनॉल गेलं, उरलेलं बिनधास्त प्या. खाली नुसती 'भारी' आणि 'या रविवारी करतो'ची रांग. रात्रभर डोक्यातून जाईना, म्हणून वेगळा धागा काढतोय.

मी २२ वर्षं तारापूरच्या कारखान्यात सॉल्व्हंट रिकव्हरीवर, म्हणजे वापरलेली द्रावकं गाळून परत मिळवण्यावर, शिफ्ट काढल्या आहेत. ऊर्ध्वपातन, म्हणजे उकळून वाफ थंड करून गाळणं, हे माझं पोट आहे. 'पहिला कप ओता, मिथेनॉल गेलं' हे चूक आहे. मिथेनॉल ६४.७ अंशांना उकळतं, इथेनॉल ७८.४ ला, म्हणून कागदावर वाटतं की एक आधी निघेल आणि दुसरं नंतर. पण पाण्यात मिसळलेली ही दोघं अशी रांगेत उभी राहत नाहीत. साध्या भांड्यात मिथेनॉल थोडंथोडं करत शेवटपर्यंत येत राहतं. पहिल्या धारेत जे डोक्यात जातं, नेलपॉलिशसारखं वास मारतं, ते असिटाल्डिहाइड आणि इथाइल असिटेट. ते टाकायलाच हवं, पण त्याचं नाव मिथेनॉल नाही. आणि गुळाच्या दारूत मिथेनॉल नावापुरतंच असतं. ते फळांतल्या पेक्टिनमधून येतं.

म्हणजे जे जवळजवळ नाहीच त्याची भीती घातली, आणि ज्यानं माणूस भाजतो त्या आगीबद्दल लेखात एक ओळ नाही. चाळीस टक्क्यांच्या दारूची वाफ २६ अंशांच्या आसपासच पेट घेऊ शकते. आपल्याकडे एप्रिलमध्ये स्वयंपाकघरात किती असतं? आमच्याकडे एकदा दुपारच्या शिफ्टला पंपाच्या सीलमधून अल्कोहोल ठिबकत होतं. हेल्पर पोरगा पुसायला वाकला आणि एकदम हात झटकायला लागला. आम्हाला वाटलं मुंगी चावली. अल्कोहोलची ज्योत उन्हात दिसत नाही. त्याची बाही काळी पडली तेव्हा कळलं की तो पेटलाय. तिथे शॉवर होता, ब्लँकेट होतं, चार माणसं होती. तुमच्या किचनमध्ये खाली गॅस, वर वाफ, आणि नळीत गुळाचा फेस अडकला तर कुकरला श्वास घ्यायला जागा नाही.

कायद्याचंही सांगतो. १९४९ च्या दारूबंदी कायद्याचं ६५ वं कलम दारू गाळण्यावर आहे. त्यात छंद म्हणून गाळणाऱ्याला वेगळा कोपरा ठेवलेला नाही. लेख काढून टाका.

रविवारचा_रसायनी :
लेख माझा. काढणार नाही.

तुमचा अनुभव मोठा असेल, पण सूर तोच आहे, 'आम्ही केलं तर तंत्रज्ञान, तुम्ही केलंत तर गुन्हा'. माझी आजी घरात द्राक्षांचा शिरका (व्हिनेगर) करायची, लोणचं मुरवायची, दही लावायची. आंबवणं आपल्या रक्तात आहे. गाळणं पुढची पायरी. ती आपल्याकडून कुणी काढून घेतली ते वाचा जरा. १८७८ चा मुंबई अबकारी कायदा इंग्रजांनी आणला तो काही आपल्या तब्येतीची काळजी म्हणून नाही. गावोगावच्या भट्ट्या बंद करून महसूल एका जागी गोळा करायचा होता. १८९२ मध्ये तर ठाणे आणि कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यांत मोहाची फुलं गोळा करण्यावरच कायदा केला. फुलं! आणि तुम्ही आज त्यांचीच री ओढताय.

नेलपॉलिशचा मुद्दा मान्य. वाक्य दुरुस्त करीन. बाकी नाही.

सिस्टर_मालाड :
लोणच्याशी तुलना वाचून राहवलं नाही.

मी २०१५ च्या जूनमध्ये ड्यूटीवर होते. मालाडच्या मालवणी वस्तीतली, विषारी दारू प्यायलेली माणसं येत होती. पहिला आला तो म्हणाला, 'सिस्टर, लाइट गेलीय का?' सगळे दिवे चालू होते. मिथेनॉलचं शरीरात फॉर्मिक अ‍ॅसिड होतं आणि ते डोळ्याच्या नसेवर जातं. त्या आठवड्यात शंभराहून जास्त माणसं गेली. पोटावर हात मारून जगणारी माणसं होती ती, छंदवाली नव्हती. ज्याच्या घरी असं प्रेत आलंय त्याला 'रविवारची भट्टी' हे नाव वाचून काय वाटेल, एवढाच विचार करा.

रविवारचा_रसायनी :
सिस्टर, तुमच्याबद्दल आदर आहे. पण मालवणीत ती दारू कुणी गुळापासून गाळली नव्हती. कारखान्याचं मिथेनॉल आणून पाण्यात मिसळून विकलं होतं. गाळण्यानं माणसं मेली नाहीत, भेसळीनं मेली. उलट चांगली दारू कायदेशीर आणि स्वस्त मिळाली असती तर ते तिकडे गेले असते का?

तांब्याची_कळशी :
इथे तो बरोबर आहे, सिस्टर. नाइलाजानं म्हणतोय. मालवणीचं उदाहरण घरच्या गाळण्याला लागू होत नाही.

सिस्टर_मालाड :
लागू होतं. माणसानं सांगितलं 'माझ्या हातची आहे, शुद्ध आहे' आणि दुसऱ्यानं विश्वास ठेवला. मालवणीतही असंच झालं. तुम्ही दोघं रसायनशास्त्र बोला.

देसाईगंजचा_भाऊ :
पुण्या-मुंबईचे लोक बोलून राहिले म्हणून आम्हीपण बोलतो. आमच्या गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी हाय. ती बायांनी लढून आणली, सरकारनं फुकटात दिली नाही. आता कोणी म्हणते की छंद आहे, परंपरा आहे. परंपरा आहेच ना भाऊ, मोहाची दारू देवाला वाहतात, लग्नात लागते, बाळंतिणीच्या अंगाला चोळतात. पण त्या परंपरेत मडकं सणाला चढते. रोज रात्री घरात चढली की काय होते ते माझ्या मायनं पाह्यलं. माझा बाप सडवा घालायचा, म्हंजे दारूसाठी मोह आंबवत ठेवायचा. पोलीस आले की मडकं तणसाच्या ढिगात. मी सातवीत होतो, माझ्या पुस्तकांना त्या सडव्याचा वास यायचा आणि गुरुजी मला मागं बसवायचे.

तुमच्या घरात तांब्याचं भांडं चढल तं तो छंद, माझ्या बापाच्या घरात चढलं तं 'हातभट्टीवर छापा, रसायन नष्ट'. १९८१ च्या कायद्याच्या नावातच 'हातभट्टीवाले' हा शब्द हाय, वर्षभर स्थानबद्ध करायची सोय हाय त्यात. हा फरक कोणी बोलत नाही.

रविवारचा_रसायनी :
भाऊ, हाच तर माझा मुद्दा! सगळ्यांनाच मोकळीक द्या.

देसाईगंजचा_भाऊ :
मी मोकळीक मागून नाही राहिलो. नीट वाचा.

मुक्ता_ऑकलंड :
न्यूझीलंडचं सांगते, कारण कुणीतरी उदाहरण देणारच. इथे १९९६ पासून स्वतःपुरतं घरी गाळणं कायदेशीर आहे, विकायचं नाही. दुकानात भांडी मिळतात, क्लब आहेत. माझा नवरा करतो. पण नवशिक्याला तिथे पहिलं वाक्य हेच सांगतात, की घरात नाही, गॅसवर नाही, उघड्यावर किंवा हवेशीर शेडमध्ये, विजेच्या शेगडीवर, आग विझवायचं साधन हाताशी ठेवून, आणि भांडं सोडून उठायचं नाही. डाख लावून सांधलेलं जुनं भांडं वापरायचं नाही, कारण डाखेतलं शिसं उतरतं. आमचे पहिले सहा महिने तर नुसतं आंबवण्यात गेले. जे चांगलं आंबलं नाही ते गाळून चांगलं होत नाही. कायदेशीर असलेल्या देशातसुद्धा कुकर कुणी सुचवत नाही. रसायनीभाऊ, तुमच्या बाजूनं बोलावंसं वाटतं, पण त्या कुकरच्या फोटोमुळे बोलता येत नाही.

बांद्याचो_बोंडू :
तुमचा गूळ आणि कुकर ठेवा बाजूला. आमच्या काजूच्या बोंडांचं, म्हणजे बीच्या वरच्या रसाळ फळांचं, काय?

मी बांद्याचा. घराच्या ओट्यावर उभं राहिलं की पत्रादेवीच्या नाक्याकडे जाणाऱ्या गाड्या दिसतात. पलीकडे गोवा. तिकडे मार्च ते मे बोंड तुडवतात, नीरो (बोंडाचा ताजा रस) पितात, भाणात (गाळायच्या भांड्यात) चढवतात, लावणीवर (वाफ थंड करायच्या मडक्यावर) पाणी ओतत बसतात, पहिला उर्राक निघतो, तो परत गाळला की फेणी. २००९ मध्ये काजूफेणीला भौगोलिक मानांकन मिळालं, २०१६ मध्ये राज्याचं वारसा पेय झालं. तेच झाड, तीच माती, तोच पाऊस. इकडे आम्ही बी पिळून घेतो आणि बोंड झाडाखाली टाकतो. बीच्या सहा-आठ पट वजन बोंडाचं. एप्रिलमध्ये माझ्या बागेत या, चप्पल चिकटते एवढा चिखल असतो. माशा घोंगावतात, गुरं खातात आणि झिंगतात. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रानं जाती एकाहून एक काढल्या, वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७, पण त्या बीसाठी. बोंडाचा धनी कोण?

माझा आजा तांब्याच्या भाणात गाळायचा. ते भाण आता बायको पाणी तापवायला वापरते. आतून अजून धुवट चकाकी आहे. मी छंद म्हणून नाही, हक्क म्हणून मागतो.

तांब्याची_कळशी :
तुमचा प्रश्न खरा आहे, पण वेगळा आहे. गोव्यातही कुणीही उठून घरी गाळत नाही. तिकडे १९६४ चा अबकारी कायदा आहे, काजूच्या झोनचा लिलाव होतो, भट्टीला परवाना लागतो. गोवा म्हणजे मोकळं रान, हे चित्र चुकीचं आहे.

बांद्याचो_बोंडू :
मोकळं रान मी कधी म्हटलं? परवानाच मागतोय! परवाना द्या, तपासायला माणूस पाठवा, कर घ्या. आज काय होतं? नाक्यावर 'गोवा बनावटीची दारू जप्त' अशी बातमी आठवड्याला एक. म्हणजे पितात इकडचेच, पैसा जातो तिकडे, आणि बोंड कुजतं आमचं.

मुक्ता_ऑकलंड :
बरोबर आहे हे. मूळ प्रश्नापेक्षा हा मोठा आहे.

देसाईगंजचा_भाऊ :
मोहफुलांवरचे निर्बंध काढले ना २०२१ मध्ये. फूल मोकळं झालं, बोंडपण मोकळंच हाय. दारूच कशाला लागते? आमच्याकडे बचतगटाच्या बाया मोहाचे लाडू विकतात.

बांद्याचो_बोंडू :
भाऊ, बोंड एका दिवसात आंबतं. लाडूला थांबत नाही ते. सरबत केलं तर घसा धरतं, म्हणून गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही. प्रक्रिया उद्योग काढा म्हणणारे मी पंधरा वर्षं ऐकतोय. मी स्वतः एका योजनेत अर्ज केला होता, तीन हंगाम कागद फिरले, चौथ्या वर्षी उत्तर आलं की अर्ज जुन्या नमुन्यात आहे. त्या वर्षीची बोंडंही कुजली.

देसाईगंजचा_भाऊ :
दुःख समजते. पण गावात भट्टी आली की पहिला गिऱ्हाईक गावचाच. हे लिहून ठेवा.

बांद्याचो_बोंडू :
ता खरा आसा. नाय म्हणणंय नाय.

रविवारचा_रसायनी :
सगळे आपापलं बोलताय, मग 'पहिल्या धारेची'चं पण होऊन जाऊ दे. आपल्याकडे कडक माणसाला, कडक बातमीला पहिल्या धारेची म्हणतात. म्हणजे पूर्वज पहिली धार पीत होते आणि जगलेही. कळशीसाहेब म्हणतात ती टाका. कोण खरं?

तांब्याची_कळशी :
पहिली धार सगळ्यात कडक असते हे खरं, अल्कोहोल तिथे जास्त असतं. म्हणून गुत्त्यावर तिचा भाव जास्त. पण अगदी सुरुवातीचा वास मारणारा भाग गाळणाराही बाजूला काढायचा. माझ्या आईच्या गावी वाडीतला म्हातारा गाळायचा. तो पहिली ओंजळ मातीवर शिंपडायचा, 'देवाची' म्हणून. देवाला की मातीला, माहीत नाही, पण पीत नव्हता. त्याला रसायनं ठाऊक नव्हती, नाक होतं. आणि त्याची भट्टी ओढ्याकाठी असायची. घरात चूल असूनही घरात कधी लावली नाही. रसायनीभाऊ, पूर्वजांचं घ्यायचंच तर ते घ्या.

रविवारचा_रसायनी :
ओढ्याकाठचं पटलं. तुमची लांबण नाही पटली, पण हे पटलं.

कुकरचा फोटो आणि तो परिच्छेद काढतोय. लेख ठेवणार. आता तो फक्त आंबवण्यावर राहील, म्हणजे शिरका. गाळण्याबद्दल कायदा बदलायला हवा, ते वाक्य राहणार आणि त्यावर मी मागे हटणार नाही.

सिस्टर_मालाड :
नावही बदला.

रविवारचा_रसायनी :
बदलतो.

तांब्याची_कळशी :
कायदा बदला म्हणायला माझी हरकत नाही. बोंडूभाऊंच्या परवान्याच्या अर्जावर मी सही करीन, सुरक्षेचा भाग मी लिहून देईन, फुकट. स्वयंपाकघरातल्या भट्टीला मात्र शेवटपर्यंत विरोध.

मुक्ता_ऑकलंड :
बोंडाचा शिरका होतो का? कुणी केलाय?

बांद्याचो_बोंडू :
होता. माझी आवय करी. झाडावरून काढलेला नको, आपणहून पडलेला बोंड घ्यायचा, त्याच सकाळचा. रसायनीभाऊ, एप्रिलात देतो पाठवून एसटीनं, दोन क्रेट.

रविवारचा_रसायनी :
पुण्याला पोचेपर्यंत आंबतील ना?

बांद्याचो_बोंडू :
आंबतलीच. म्हणान तूच ये. भाण पण बघशील.