लाल दिवा मोजा: किनाऱ्यावरच्या घरांतला वीजवापर

बिल वाढलं की पहिला राग बल्बवर निघतो. ९ वॉटचा एलईडी रोज ६ तास जळला तरी महिन्याला दीड युनिटच खातो. खरा खाणारा बहुतेक वेळा विहिरीवर, न्हाणीघरात किंवा ओल्या भिंतीत असतो. म्हणून इथे गजाली नकोत, मोजलेले आकडे हवेत: कुठे किती युनिट जातात, काय बिघडतं आणि का. ज्याचं जे काम, त्याने त्यावर लिहावं.

रत्नागिरी, वायरिंगचं काम

मोजायला वेगळं यंत्र लागत नाही. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो, शेजारी एका युनिटला किती लुकलुक ते छापलेलं असतं. बहुधा ३२०० किंवा १६००. एका मिनिटात दिवा किती वेळा लुकलुकला ते मोजा. ३२०० वाल्या मीटरला त्या आकड्याला १८.७५ ने गुणा, १६०० वाल्याला ३७.५ ने, आला तो त्या क्षणाचा भार, वॉटमध्ये. मिनिटाला १० लुकलुकी म्हणजे ३२०० वर साधारण १८७ वॉट.

आता घरातलं सगळं बंद करून फक्त फ्रिज चालू ठेवा आणि मोजा. मग फक्त पंप, मग गिझर. तासाभरात घराचा अख्खा हिशोब कागदावर येतो. फ्रिजचा कॉम्प्रेसर मध्येच थांबतो, म्हणून तो चालू असल्याचा आवाज ऐकूनच मोजणी करावी. आणि फ्रिजचा खरा आकडा हवा असेल तर सकाळचं आणि दुसऱ्या सकाळचं रीडिंगच घ्यावं लागतं, बाकी वापर वजा करून.

मालवण, वायरमन

वरच्या मोजणीला जोड. सगळे प्लग काढा, सगळी बटणं बंद करा, मेन एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) मात्र चालू ठेवा. पाच मिनिटं दिव्याकडे बघा. काही मीटरांचा दिवा भार नसताना स्थिर पेटून राहतो, त्याने घाबरू नका. लुकलुकत असेल तर मात्र कुठेतरी वीज जातेय. मग एकेक सर्किटचा एमसीबी पाडत जा. ज्याने लुकलुक थांबली तिथे दोष. मेन पाडूनही थांबली नाही तर दोष मीटर ते मेनच्या मधल्या वायरीत, किंवा तिथून कुणीतरी जोड घेतलाय. ते स्वतः उघडू नका, महावितरणला १९१२ वर कळवा.

पावसाळ्यात हे हमखास होतं. जांभ्याच्या चिऱ्याची भिंत पाणी धरून ठेवते, जुन्या वायरीचं आवरण कडक होऊन तडकलेलं असतं, आणि जोडावरची काळी टेप सुटलेली. गोठ्याकडे आणि विहिरीकडे गेलेली वायर पहिली संशयित. ०.२ अँपिअर जमिनीत जात असेल तर ४६ वॉट चोवीस तास, म्हणजे दिवसाला १.१ युनिट, महिन्याला ३३. जी वायर वीज खाते तीच झटका देते, म्हणून युनिटांपेक्षा तो धोका मोठा. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती जाणवताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवला तर एवढी गळती टिकूच शकत नाही, तो पडतो. मात्र तो पडतो म्हणून त्याला बगल देणारे महाभाग असतात. पडतोय म्हणजे काम करतोय.

अर्थिंगचं वेगळं. जांभा उन्हाळ्यात पार कोरडा पडतो आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. मार्चपासून खड्ड्यात दर आठवड्याला दोन बादल्या पाणी घाला. किनाऱ्याजवळ अर्थिंगचा जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप गंजून आतून पोकळ होतो, वरून मात्र धडधाकट दिसतो. क्लॅम्प हलवून बघायचा.

अलिबाग, हिशोबनीस

बिलात टप्पे असतात: १०० पर्यंत, ३०० पर्यंत, ५०० पर्यंत, त्यापुढे. १०१ वं युनिट महाग झालं म्हणून आधीची शंभर महाग होत नाहीत, हे अनेकांना पटतच नाही. पण वाचवलेलं युनिट नेहमी वरच्या टप्प्यातलं वाचतं, म्हणून त्याची खरी किंमत काढायची तर आपल्या शेवटच्या टप्प्याचा वीज आकार, वहन आकार आणि इंधन समायोजन आकार यांची बेरीज करून तिच्यावर १६ टक्के वीज शुल्क लावा. स्थिर आकार धरू नका, तो शून्य युनिटलाही येतो. रीडिंग ३० ऐवजी ३६ दिवसांनी झालं तर टप्पेही दिवसांच्या प्रमाणात वाढायला हवेत. बिलावरच्या दोन्ही तारखा बघा.

गुहागर, पंप दुरुस्ती

एक साधं माप लक्षात ठेवा. विहिरीतल्या पाण्यापासून टाकीच्या तोंडापर्यंत २० मीटर उंची असेल तर १ एचपीच्या मोनोब्लॉकने (मोटर आणि पंप एकत्र असलेल्या पंपाने) हजार लिटर टाकी साधारण १२ ते १५ मिनिटांत भरली पाहिजे, सुमारे पाव युनिटात. तो पंप १.१ किलोवॉटच्या आसपास ओढतो. टाकीला अर्धा तास लागत असेल तर दर हजार लिटरला निम्मी वीज फुकट. घड्याळ लावून बघा, पंपाला दोष देण्याआधी खालून वर शोधत या.

फूट व्हॉल्व्ह (विहिरीतल्या पाइपच्या खालच्या टोकाची झडप): झडपेत पान नाहीतर जांभ्याची खडी अडकते, पाइप रिकामा होतो, दर वेळी प्रायमिंग, म्हणजे पंपात हाताने पाणी भरणं. व्हॉल्व्ह तळापासून दोन फूट वर ठेवा, खाली गाळ असतो. सक्शन पाइपचा जोड: इथून पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते, म्हणून गळती दिसत नाही. पंप चालू असताना जोडावर साबणाचा फेस लावा. फेस आत ओढला गेला तर तिथेच. सक्शन पाइप पंपाच्या तोंडापेक्षा बारीक कधीच नको. सव्वा इंचाच्या तोंडाला एक इंची पाइप जोडून पैसे वाचवलेले असतात, ते पुढे बिलातून जातात.

पंप पाण्यापासून ६-७ मीटरपेक्षा उंच असेल तर तो धड ओढत नाही. एप्रिल-मे महिन्यात विहिरी खाली जातात तेव्हा हेच होतं. पंप विहिरीतल्या खालच्या कट्ट्यावर उतरवावा लागतो. पण जून उजाडण्याआधी तो वर घ्यायचा. आपल्याकडच्या विहिरी जुलैत काठाशी येतात, मोटर पाण्यात जाते आणि वाइंडिंगचा खर्च अख्ख्या वर्षाच्या बचतीपेक्षा जास्त.

आता वायर. घरापासून विहीर ६० मीटर लांब, वायर दीड स्क्वेअर एमएमची: जाऊन-येऊन १२० मीटरचा रोध सुमारे १.४५ ओहम. ६ अँपिअरला ९ व्होल्ट वायरीतच पडतात आणि ५० वॉट उष्णतेत जातात. युनिटांच्या हिशोबात हे किरकोळ. पण सुरू होताना मोटर पाचपट करंट मागते, तेव्हा ४३ व्होल्ट पडतात. वाडीच्या टोकाला आधीच १९० व्होल्ट येत असतील तर मोटरला जेमतेम १४७ मिळतात. ती घुमते, फिरत नाही, आणि तिला सुरू करून देणारा कॅपॅसिटर जातो. मग लोक दरवर्षी कॅपॅसिटर बदलत बसतात. अडीच स्क्वेअर एमएम टाका, कॅपॅसिटर मात्र मोटरच्या पाटीवर लिहिलेल्या मापाचाच.

टाकीला फ्लोट स्विच (टाकी भरली की पंप बंद करणारा) लावा. वाहून जाणारं पाणी हा बिलातला सर्वात मूर्ख खर्च.

बाजारात प्लगमध्ये खोचायचा ‘पॉवर सेव्हर’ डबा मिळतो. त्यात छोटा कॅपॅसिटर आणि एक दिवा असतो. घरगुती बिल किलोवॉट-तासांवर, म्हणजे युनिटांवर येतं, पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेतला किती भाग खऱ्या कामाला लागतो ते प्रमाण) सुधारून ते उतरत नाही. उलट तो दिवा वीज खातो.

रेवदंडा, स्वयंपाकघर आणि न्हाणी

गॅस की इंडक्शन, याचं उत्तर भावावर आहे. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये सुमारे १८० युनिटांएवढी उष्णता. शेगडीवर तिच्यातली ६८ टक्क्यांच्या आसपास भांड्याला लागते, इंडक्शनवर विजेतली ८५ टक्के. म्हणजे एक सिलिंडर साधारण १४५ युनिटांच्या तोडीचा. वरच्या हिशोबाने तुमचं शेवटचं युनिट ८ रुपयांना पडत असेल तर १४५ गुणिले ८, १,१६० रुपये. सिलिंडर त्याहून स्वस्त तर गॅसच ठेवा. अलिबागच्या दादांनी सांगितलेलं वरच्या टप्प्याचं गणित इथे विसरलं की इंडक्शन उगाच स्वस्त वाटतं.

उकडा तांदूळ शिजायला वेळ घेतो. दोन तास भिजत घाला, पाणी उकळून दहा मिनिटं शिजवा, मग घट्ट झाकण लावून टोप जुन्या गोधडीत गुंडाळून गवत भरलेल्या खोक्यात ठेवा. तासाभरात पेज तयार. झाकण मध्ये उघडलं तर तांदूळ बोटचेपा राहतो आणि पुन्हा आच लागते. कुळीथ मात्र रात्रभर भिजवून कुकरलाच.

आंघोळीचं पाणी: २० लिटर २६ अंशांवरून ४२ अंशांवर न्यायला ०.३७ युनिट. चार माणसांना दीड युनिट, महिन्याला ४५. हे आकडे टाळता येण्यासारखे आहेत, कारण पाणी तापवायला बागेत सोडणं (नारळाच्या साली), करवंट्या, झावळ्या पडून असतात. पण ती मेअखेर पूर्ण सुकवून माळ्यावर चढवायची. ओली सोडणं नुसती धुमसतात, आणि जुलैत ती सुकत नाहीत. धूर घरात येणार असेल तर मात्र गिझर बरा.

संगमेश्वर, मुंबईकरांच्या बंद घरांची देखभाल

बंद घराचा मीटर कुलपाच्या आत असला तर सरासरी बिल लागतं. मीटर पडवीत बाहेर घ्या, नाहीतर दर महिन्याला मीटरचा फोटो काढून महावितरणच्या अॅपवर रीडिंग द्या. जाताना फ्रिज रिकामा करून पुसा, दार काठी घालून उघडं ठेवा, नाहीतर आत बुरशी. इन्व्हर्टर बंद न करता गेलात तर तो बॅटरी भरलेली ठेवायला १५-२० वॉट चोवीस तास खातो, महिन्याला ११ ते १४ युनिट. बंद ठेवायचा तर बॅटरी पूर्ण भरून, तारा सोडवून, आणि दर दोन महिन्यांनी कुणीतरी पुन्हा भरायला हवी.

गौरी-गणपतीत चाकरमानी आले की एकाच महिन्यात ३०० ओलांडतात. रोषणाई दोषी नसते, दिवसरात्र चाललेला पंप असतो.

दापोली, विजेची उपकरणं

जुना पंखा ७५ वॉट, बीएलडीसी (ब्रश नसलेल्या, सर्किटवर चालणाऱ्या मोटरचा पंखा) ३० च्या आसपास. रोज १५ तासांना महिन्याला २० युनिटांचा फरक, एका पंख्यामागे. पण त्याच्या आत सर्किट असतं. मे आणि ऑक्टोबरच्या गडगडाटात तेच जातं. चांगलं अर्थिंग आणि मेन बोर्डात सर्ज अरेस्टर (विजेचा अचानक उसळलेला दाब जमिनीत सोडणारा) नसेल तर वॉरंटी बघूनच घ्या. बीएलडीसी जुन्या रेग्युलेटरवर चालवू नका.

तारकर्ली, पर्यटकांच्या खोल्या

एसीच्या तारांकन पट्टीवरचा वार्षिक आकडा १६०० तासांचा असतो. हंगामात खोलीतला एसी दिवसाला १४ तास चालला तर ते तास ११५ दिवसांतच संपतात. २४ ठेवा, एक अंश वर नेला की सुमारे ६ टक्के वाचतात. खाऱ्या वाऱ्याने बाहेरच्या युनिटचे पत्रे पांढरे पडून झडतात, मग तो थंडही कमी करतो आणि वीजही जास्त खातो. दर महिन्याला गोड्या पाण्याने हलका फवारा, युनिट बंद करून. समुद्राकडे तोंड करून बसवू नका.

दापोली, सोलर बसवणारे

१ किलोवॉट उघड्या उन्हात दिवसाला ४ युनिटांच्या आसपास देतो, भर पावसात निम्म्याहून कमी. म्हणून किती घ्यायचा ते मे महिन्याच्या बिलावरून नाही, बारा बिलांवरून ठरवा. पीएम सूर्यघर योजनेत १ किलोवॉटला ३०,०००, २ ला ६०,०००, ३ आणि पुढे ७८,००० रुपये अनुदान.

लोकांचा सगळ्यात मोठा गैरसमज: लाइट गेली की सोलर घर चालवेल. बॅटरी नसलेला ऑन-ग्रिड (महावितरणच्या लाइनला जोडलेला) इन्व्हर्टर लाइट गेल्याबरोबर मुद्दाम बंद होतो, खांबावर काम करणाऱ्याला झटका बसू नये म्हणून. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर इथे अनेक गावं आठवडे अंधारात होती, तेव्हा भर उन्हातही असं सोलर शोभेचंच. वाडीत लाइट वारंवार जात असेल तर हायब्रिड (बॅटरी जोडता येणारा) इन्व्हर्टर आणि बॅटरीचा खर्च आधीच धरा.

मंगलोरी कौलांवर पॅनल लावू नका. गोठ्याच्या स्लॅबवर किंवा परसात जमिनीवर सांगाडा उभारा. सांगाडा हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवलेला), नट-बोल्ट ३१६ चं स्टेनलेस. ३०४ ला खाऱ्या वाऱ्यात तांबूस डाग पडतात. वेल्डिंग जागेवर करू दिलंत तर पहिला गंज तिथूनच. माडाची एक झावळी दुपारी एका पॅनलवर सावली टाकत असेल तर त्या ओळीतल्या बाकीच्या पॅनलांचाही करंट खाली खेचला जातो. जागा ठरवताना डिसेंबरमध्ये सकाळी ९ आणि दुपारी ३ ला सावली बघा, तेव्हा ती सर्वात लांब पडते.