खर्रा खाणाऱ्यांची तोंडातून एचआयव्ही स्वचाचणी: निकाल बरोबर येतो का?

वाडी_फिल्डवर्क
नागपुरातल्या ट्रकचालकांना आणि कळमना बाजारातल्या हमालांना स्वचाचणीची माहिती द्यायची आहे. किट दाखवलं की दोन प्रश्न हमखास येतात. तोंडात दिवसभर खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) असतो, मग नमुना चालेल का? आणि लाळेतून एचआयव्ही होत नाही म्हणता, तर लाळेतून कळतो कसा? शिवाय मे महिन्यात किट ठेवायचे कुठे? पीअर शिक्षकांना (त्यांच्यातूनच निवडलेल्या कार्यकर्त्यांना) शिकवायचं आहे, त्यामुळे सविस्तर सांगा.

लॅबवाला_सदर
लाळेचं आधी. किट विषाणू शोधत नाही, शरीराने त्याच्याविरुद्ध तयार केलेल्या अँटिबॉडी शोधतं. त्या हिरड्यांतून पाझरणाऱ्या द्रवात असतात. म्हणून पट्टी गालाला किंवा जिभेला नाही, दात हिरडीत शिरतात तिथे लावायची. वरच्या हिरडीवरून एकदा, खालच्या हिरडीवरून एकदा. पुन्हा पुन्हा घासायचं नाही, पट्टीच्या टोकाला बोट लावायचं नाही.

खाल्ल्या-प्यायल्यानंतर १५ मिनिटं थांबायचं, दात घासले असतील तर ३०. खर्रा थुंकून, नीट चूळ भरून ३० मिनिटंच धरा. कात-सुपारीचा चुरा पट्टीवर आला तर फिकट रेघ ओळखू येत नाही.

ट्यूब स्टँडमध्ये उभी करूनच झाकण काढा. द्रव सांडला की किट वाया. पट्टी तळाला टेकवून ठेवा. २० मिनिटांनी वाचा, ४० च्या पुढे वाचूच नका. 'सी'पाशी (किट नीट चाललं हे दाखवणारी खूण) रेघ नसेल तर चाचणी बाद, नवं किट घ्या. 'सी' आणि 'टी' (नमुन्याच्या निकालाची खूण) दोन्हीकडे रेघ असेल, 'टी'ची कितीही पुसट असो, ती रिअॅक्टिव्ह. हे आकडे तोंडातून नमुना घ्यायच्या नेहमीच्या किटचे आहेत. बोटातल्या रक्ताच्या किटचे वेगळे असतात, पाकिटातला कागद बघा.

बहुतेक किटवर २ ते ३० अंश लिहिलेलं असतं. आपल्याकडचा पारा ४५ गाठतो, तेव्हा टिनाची शेड आणि ट्रकची केबिन दोन्ही बाद.

समुपदेशक_ताई
माणसं खरी गळतात ती रेघ दिसल्यानंतर, पुढच्या तपासणीला न जाता. रिअॅक्टिव्ह म्हणजे पॉझिटिव्ह नव्हे, खात्रीची चाचणी अजून बाकी आहे. आयसीटीसीत (सरकारी एचआयव्ही समुपदेशन-चाचणी केंद्रात) रक्ताच्या तीन वेगवेगळ्या चाचण्या झाल्यावरच निदान ठरतं, आणि ते मोफत असतं. 'मेडिकलला (सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात) जाऊन ये' एवढं सांगून सोडू नका. माणसाची तयारी असेल तर पीअरने सोबत जावं.

निगेटिव्ह आलेल्याला विचारा, शेवटचा धोका कधी? तीन महिन्यांच्या आतला असेल तर पुन्हा चाचणी लागेल. ७२ तासांच्या आतला असेल तर किटवर वेळ घालवू नका, पीईपीसाठी (धोक्यानंतर लागण टाळायला घ्यायच्या गोळ्या) लगेच पाठवा. तो कोर्स २८ दिवसांचा असतो.

एआरटी (एचआयव्हीवरच्या रोजच्या गोळ्या) घेणाऱ्याने हे किट वापरू नये. अँटिबॉडी कमी झाल्याने खोटा निगेटिव्ह येऊ शकतो आणि 'बरा झालो' समजून गोळ्या सुटतात.

वाडी_फिल्डवर्क
खूप आभार. एक ट्रान्सपोर्टवाले म्हणतात, सगळ्या चालकांना ऑफिसातच किट द्या, निकाल आम्ही बघतो.

समुपदेशक_ताई
नाही, भाऊ. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानुसार संमतीशिवाय चाचणी करता येत नाही, आणि नोकरीसाठी चाचणीची अटही घालता येत नाही. गंगाजमुना या वेश्यावस्तीत घरवालीसमोर (कोठा चालवणाऱ्या बाईसमोर) तिथल्या बायकांना चाचणी करायला लावणंही तितकंच चूक. मालकाला फक्त १०९७ या हेल्पलाइनचं पोस्टर भिंतीवर लावू द्या. किट चालकाच्या हातात एकट्याला द्या, आणि निकाल सांगायचा की नाही हे त्याच्यावर सोडा.